तोच पर्यटक गोव्यात एका जागी नीट वागतो, दुसऱ्या जागी नाही. असं का होतं?

फेरीबोट (डिचोली)

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्याकडे दरवर्षी एकच विषय सुरू होतो. पर्यटकांना शिस्त नाही, किनाऱ्यांची वाट लावली, बाटल्या फोडतात, रस्त्याच्या कडेला स्टोव्ह मांडून भात शिजवतात. तक्रार खरी आहे, पण ती दरवेळी 'ही माणसंच अशी' इथे येऊन थांबते, आणि ते मला पटत नाही.

मी पर्यटकांना घेऊन फिरायचं काम करतो. कोल्हापूर, सांगली, पुणे, बेळगावकडची कुटुंबं असतात, कॉलेजची मुलं असतात, निवृत्त मंडळींचे गट असतात. तीच माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीन-चार जागी कशी वागतात हे मी रोज बघतो. एक उदाहरण सांगतो. सांगलीकडचे एक गृहस्थ होते, साठीच्या आसपासचे, अगदी सज्जन. सकाळी बागा किनाऱ्यावर कणीस खाऊन झालं. हातात बुरखुंडा. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दिव्याच्या खांबाशी आधीच शहाळी, कागदी प्लेटा, फुटकी चप्पल असा ढीग होता. बुरखुंडा त्या ढिगावर गेला, सोबत पाण्याची रिकामी बाटलीही गेली. दुपारी रायबंदरहून फेरी घेऊन आम्ही चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्यात गेलो. तिथे खारफुटीतून जाणाऱ्या पायवाटेवर त्यांनी नातवाला चॉकलेट दिलं, आणि वेष्टनाची बारीक घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. मी काही बोललो नव्हतो. पोलीस नव्हता, कचऱ्याचा डबाही नव्हता.

माणूस तोच, दिवस तोच. मधल्या चार तासांत त्यांच्यावर कोणी संस्कार केले नाहीत. बदलली ती जागा.

मला वाटतं, एखाद्या ठिकाणी पाऊल टाकल्याबरोबर ती जागा आपल्याला काहीतरी सांगते. इथे कोणाची नजर आहे का? इथली माणसं हिला आपली मानतात का? माझ्या आधी येऊन गेलेल्यांनी काय केलं? बाग्याचा तो ढीग सांगत होता, 'टाक, सगळे टाकतात.' चोडणच्या दारात वहीत नाव लिहून घेतात, वाट अरुंद आहे, सगळे हळू आवाजात बोलतात. तिथे माणूस आपोआप आवरता होतो.

गोव्यात राहणाऱ्यांनी आणि गोव्याला येणाऱ्यांनी दोघांनीही लिहावं. तुम्हाला असा फरक कुठे दिसला? आणि कशामुळे पडला असेल?

---

सह्यभटक्या (पुणे)

पूर्ण सहमत नाही. जागा सुंदर असली की लोक जपतात, हे खरं असतं तर आंबोलीत पावसाळ्यात काय चालतं ते दिसलं नसतं. धबधबा काय देखणा, पण त्याच्या पायथ्याशी मक्याची कणसं, चिप्सची पाकिटं, दारूच्या बाटल्या. सह्याद्रीतल्या किती किल्ल्यांवर मी पोती भरभरून कचरा खाली आणलाय. निसर्ग कुठे कमी पडला तिथे?

---

फेरीबोट (डिचोली)

सह्यभटक्या, मी सुंदर म्हटलेलं नाही, राखलेली म्हणतोय. दोन्हीत फरक आहे. बागा किनाराही मुळात सुंदरच आहे की. पण जागा कोणीतरी राखतंय याची खूण तिथे दिसत नाही. आंबोलीच्या धबधब्याशी ती दिसते का, तुम्हीच सांगा.

---

सह्यभटक्या (पुणे)

हे मान्य. ज्या किल्ल्यावर स्थानिक मंडळी दर रविवारी जातात, तटबंदीवरची झुडपं काढतात, पाण्याची टाकी साफ करतात, तिथे कचरा कमी सापडतो. मी याचं श्रेय त्या मंडळींच्या झाडूला देत होतो. पण आता विचार करतोय की त्यांना काम करताना बघूनही लोकांचा हात थांबत असेल.

---

काणकोणकार

मग आमच्या गालजीबागबद्दल लिहायलाच हवं.

गालजीबाग आणि आगोंद काणकोणात, मोरजी आणि मांद्रे पेडण्यात. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत हे चार किनारे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा म्हणून नोंदलेले आहेत. मादी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री वर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत समुद्रात जाते. पिल्लं बाहेर यायला साधारण पन्नास दिवस लागतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, कमी तापली तर नर.

आता पर्यटक काय बघतो ते सांगतो. सुरूच्या झाडांतून तो वाळूवर येतो. समोर वाळूत बांबूच्या चार काठ्या, त्यांना हिरवी जाळी, आणि एक छोटी पाटी. पाटीवर अंडी कधी घातली ती तारीख आणि अंड्यांची संख्या. बाजूला झोपडीत वनखात्याचा माणूस किंवा गावचाच कोणी मुलगा बसलेला. संपलं. याहून जास्त काहीच नाही. पण ती तारीख वाचली की लोक हिशेब करायला लागतात. 'म्हणजे अजून तीन आठवडे आहेत!' 'आपण परत गेल्यावर बाहेर येणार.' बायका तर त्या मुलाला विचारतात, 'बाळा, कुत्री येत नाहीत ना रे इथे?' त्यानंतर त्या जाळीपासून पाच पावलांवर बाटली फोडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

'पर्यावरण वाचवा' अशा पाट्या गोव्यात पैशाला पासरी आहेत. त्या कोणी वाचत नाही. ही पाटी वाचतात, कारण तिच्या खाली खरोखरची अंडी आहेत.

---

सागरिका_प

वाचतेय. मांद्र्याला मी लहानपणी वाळूच्या टेकड्यांवरून घसरत खाली यायचे. त्या टेकड्यांवर मर्यादवेल पसरलेली असायची, जांभळ्या फुलांची, आणि रावणाच्या मिशा हे टोकदार गवत. ही वेल आणि गवत वाळू धरून ठेवतात. आता कितीतरी ठिकाणी टेकडीच सपाट केली, वर खाटा आणि दिवे आले. माझ्या मते याचाही पर्यटकावर परिणाम होतो. टेकडी आणि वेल दिसली की हा समुद्राचा काठ आहे हे कळतं. सपाट वाळूवर रांगेने खाटा दिसल्या की ते हॉटेलचं अंगण वाटतं. आणि अंगण झाडायला हॉटेलची माणसं असतातच, असं तो धरून चालतो.

---

मीनाक्षी_कोल्हापूर

मी पर्यटक आहे, त्यामुळे त्या बाजूने लिहिते. आम्ही घरचे सगळे गोव्याला बरेचदा येतो. काही गोष्टी स्पष्ट सांगते, राग मानू नका.

हॉटेलात शिरल्याबरोबर खोलीत प्लॅस्टिकच्या छोट्या बाटल्या ठेवलेल्या असतात. घरून आणलेली स्टीलची बाटली भरून घ्यायची तर खाली जाऊन विचारावं लागतं, आणि 'फिल्टरचं पाणी नाही मॅडम, बिसलरी देऊ का' असं उत्तर मिळतं. किनाऱ्यावर उतरलं की शहाळंवाला नळी देतो, भेळवाला प्लॅस्टिकचा चमचा देतो. म्हणजे पहिल्या तासाभरात माझ्या हातात पाच वस्तू येतात, त्यातली एकही मी मागितलेली नसते. त्या टाकायच्या कुठे? डबा दिसला तर तो ओसंडून वाहत असतो. गर्दीच्या किनाऱ्यावर बाईमाणसाला कपडे बदलायला, बाथरूमला जायला धड जागा नसते. अशा ठिकाणी आपल्याकडून चांगल्या वागण्याची कोणाला अपेक्षा आहे, असं वाटतच नाही.

उलट दिवाडी बेटावर एका घरगुती जागेत उतरलो होतो. तिथे काकूंनी पहिल्याच संध्याकाळी मातीच्या माठाकडे बोट दाखवलं, 'पाणी इथून घ्या गो. कचऱ्याच्या बादल्या मागच्या दारी, ओला वेगळा टाका हां, आमच्या माडांना लागतो.' माझी दोन्ही मुलं निघेपर्यंत केळीची सालं माडाच्या आळ्यात नेऊन टाकत होती. घरी आल्यावरही आठवडाभर ओला-सुका वेगळा करत होती. काकूंनी पर्यावरण हा शब्दसुद्धा काढला नव्हता.

एक प्रश्नही आहे. मे महिन्यात आम्ही आलो तेव्हा वाळूत काळे चिकट गोळे होते, मुलांचे पाय बरबटले, खोबरेल तेल लावून काढावे लागले. माझा दीर म्हणाला, 'जाऊ दे, आधीच घाण आहे सगळी.' आणि हातातला कप त्याने तिथेच टाकला. ते गोळे कशाचे असतात?

---

दोनापावलकर

मीनाक्षीताई, ते डांबरगोळे. खोल समुद्रातून जाणाऱ्या जहाजांमधून तेल सांडतं किंवा टाक्या धुतल्यावरचं तेलकट पाणी सोडलं जातं. ते लाटांवर घुसळून घट्ट होतं, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी वारे फिरले की आमच्या किनाऱ्यांवर येऊन पडतं. इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केलेला आहे. जूनमध्ये खवळलेला समुद्र प्लॅस्टिकही बाहेर टाकतो, त्यातलं बरंचसं नद्यांतून गेलेलं असतं.

तुमच्या दिरांचं वाक्य मात्र फार महत्त्वाचं आहे. ती घाण त्यांची नव्हती, आमचीही नव्हती, कुठल्याशा जहाजाची होती. पण त्या घाणीमुळे त्यांचा कप वाळूत पडला. म्हणून मे महिन्यात किनारे झाडण्याचं काम जास्त जोरात व्हायला हवं. नेमकं तेव्हाच शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची हंगामी उपाहारगृहं, काढायची घाई असते आणि सगळ्यांचं लक्ष हंगाम आवरण्याकडे असतं.

---

म्हापसेकर

तुम्ही सगळे फार गोड बोलताय. दंडाशिवाय माणूस सुधारत नाही. २०१९ मध्ये पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. उघड्यावर दारू पिणं, स्वयंपाक करणं बंद, तेव्हा एकट्याला २,००० रुपये दंड ठरला, गटाला १०,०००. हा कायदा रोज, प्रत्येक किनाऱ्यावर लावा. मग बघा जागा काय बोलते ते.

---

काणकोणकार

म्हापसेकरबाब, दंडाला माझा विरोध नाही. किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्याला, बाटली फोडणाऱ्याला सोडूच नये. जीवरक्षकांचे आणि रापणकारांचे, म्हणजे वाळूवरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांचे, पाय चिरतात काचांनी. पण शंभराहून जास्त किलोमीटरच्या किनाऱ्यावर किती पोलीस उभे करणार? दंड पोलीस असेपर्यंत चालतो. जाळीजवळची पाटी रात्री दोन वाजताही तिथेच असते.

---

अनघा_वर्गातून

मी मानसशास्त्र शिकवते, मडगावला. या धाग्यावर जे अनुभव आलेत त्यांच्यावर प्रत्यक्ष प्रयोग झालेले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाहनतळावर गाड्यांच्या काचेला एक-एक पत्रक लावून ठेवलं. गाडीचा मालक परत येतो, पत्रक काढतो, ते खाली टाकतो की सोबत नेतो, एवढंच बघायचं. काही वेळा तळ झाडून स्वच्छ ठेवला, काही वेळा मुद्दाम कागद पसरले. घाणेरड्या तळावर ३२ टक्के लोकांनी पत्रक खाली टाकलं, स्वच्छ तळावर १४ टक्के. इथवर फेरीबोट म्हणतात तसंच.

पुढचा भाग जास्त विचार करण्यासारखा आहे. काही वेळा त्यांचाच एक माणूस समोरून चालत यायचा आणि सगळ्यांदेखत कागद खाली टाकायचा. घाणेरड्या तळावर हे पाहिल्यावर टाकणाऱ्यांचं प्रमाण ५४ टक्क्यांवर गेलं. स्वच्छ तळावर मात्र ते ६ टक्क्यांवर उतरलं. म्हणजे स्वच्छ जागी कोणी कचरा टाकताना दिसला, तर इथे असं करत नाहीत हे बाकीच्यांना उलट ठळकपणे जाणवतं. घाण जागी तीच कृती परवाना ठरते.

दुसरा प्रयोग नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरातला, २००८ चा. एका गल्लीत सायकली लावलेल्या, प्रत्येक हँडलला एक पत्रक. गल्लीत भिंतीवर काही लिहू नका अशी पाटी होती. भिंत कोरी असताना ३३ टक्के लोकांनी पत्रक जमिनीवर टाकलं. त्याच भिंतीवर रंगाने रेघोट्या मारल्यावर ६९ टक्के. रेघोट्यांचा आणि पत्रकाचा काही संबंध नाही, हे लक्षात घ्या. एक नियम मोडलेला दिसला की दुसराही सैल होतो. म्हणून किनाऱ्यावरची बेकायदा बांधकामं, रात्रभर चालणारा भोंगा, वाळूत घातलेली जीप, हे सगळं कचऱ्याच्याच प्रश्नाचा भाग आहे असं मी मानते. 'इथे काहीही चालतं' हे पर्यटक नाक्यावरच शिकतो.

आता पाट्यांबद्दल, कारण काणकोणकारांनी विषय काढलाच आहे. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेल्या झाडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. लोक तुकडे खिशात घालून नेतात. चाल्डिनींच्या गटाने तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. 'कृपया तुकडे नेऊ नका' या पाटीपाशी दोन टक्क्यांहूनही कमी तुकडे गेले. 'आजवर अनेकांनी तुकडे नेले आणि उद्यानाचं रूप बदललं' या पाटीपाशी जवळपास आठ टक्के गेले. तक्रारीच्या सुरात लिहिलेल्या पाटीने 'सगळेच नेतात' ही बातमी पोचवली. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत, समाजमाध्यमांवर 'गोव्याचे किनारे कचराकुंडी झाले' असे मथळे येतात तेव्हा मला या पाटीची आठवण येते. ते वाचून येणारा माणूस काय समजून येत असेल?

याच वाटेचा हॉटेलांमधला एक प्रयोगही आहे, त्याच २००८ सालचा. टॉवेल रोज धुवायला न देता पुन्हा वापरा, अशी विनंती खोलीत असते ना? 'पर्यावरणासाठी करा' असं लिहिलं तेव्हा सुमारे ३७ टक्के पाहुण्यांनी ऐकलं. 'या खोलीत उतरलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरले' असं लिहिलं तेव्हा ४९ टक्क्यांनी. याच खोलीतल्या, म्हणजे याच जागेतल्या माणसांचं उदाहरण सगळ्यात जास्त चाललं.

---

सह्यभटक्या (पुणे)

अनघाताई, ५४ आणि ६ हे आकडे जपून ठेवतोय. उद्या आमच्या ग्रुपवर टाकतो.

---

सत्तरीची_लेक

किनारा सोडून जरा आत या.

आमच्या सत्तरीत देवराया आहेत. बांबरला निरंकाराची राय आहे. तिच्यात जंगली जायफळाच्या जातीची झाडं दलदलीत उभी आहेत, त्यांची मुळं गुडघ्यासारखी वाकून पाण्याबाहेर आलेली. असं वन पश्चिम घाटात फार थोड्या ठिकाणी उरलंय. ते टिकलं, कारण गावाने ते देवाचं मानलं. वाळलेली काटकीही उचलायची नाही, चप्पल बाहेर काढायची. केरीचे राजेंद्र केरकर सर या देवरायांबद्दल वर्षानुवर्षं लिहीत, सांगत आलेत.

मी तिथे बाहेरून आलेली माणसं पाहिली आहेत, शहरातली, देवबिव न मानणारीसुद्धा. गावचा माणूस पुढे असतो. तो वाकून चप्पल काढतो. मागचे सगळे काही न विचारता काढतात. अनवाणी पाय ओल्या पानांवर पडला की माणूस खाली बघून चालायला लागतो. मुंगी दिसते, बेडूक दिसतो, कोंब दिसतो. असा पाय सांभाळत चालणारा माणूस वेष्टन टाकेल कसं?

पण त्याच सत्तरीतून चोर्ला घाट चढायला लागलं की वळणावळणावर दरीत बाटल्या पडलेल्या दिसतात. राय गावाची आहे, घाट कोणाचाच नाही. माणसं मात्र तीच, हे फेरीबोटदादांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं.

---

म्हापसेकर

आणि स्थानिकांचं काय? रात्री स्कूटरवरून येऊन वळणावर काळी पिशवी फेकणारा पर्यटक नसतो.

---

सागरिका_प

अगदी बरोबर. आणि हे याच विषयात येतं. पर्यटक आम्हाला बघूनच ठरवतो. विमानतळावरून हॉटेलवर जाताना त्याला पहिल्यांदा ती काळी पिशवीच दिसते, समुद्र नंतर.

पणजीत सोसायट्यांमध्ये कचरा १६ प्रकारांत वेगळा करतात, साळगावला जुन्या कचऱ्याच्या डोंगराच्या जागी २०१६ मध्ये प्रकल्प उभा राहिला, काकोड्यालाही झाला. ही कामं छोटी नाहीत. पण पर्यटकाला ती दिसतच नाहीत. त्याला दिसतो तो रस्ता.

---

दोनापावलकर

गर्दीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. २०२४ मध्ये आलेल्या पर्यटकांची संख्या एक कोटीच्या वर गेली. दिवाडीच्या काकू माठ दाखवू शकल्या, कारण त्यांच्याकडे एकच कुटुंब उतरलं होतं. ३१ डिसेंबरला कळंगुटला कोण कोणाला काय दाखवणार? गर्दीत माणूस निनावी होतो, त्याला वाटतं आपल्या एका बाटलीने काय फरक पडणार. पर्रा गावच्या माडांच्या रस्त्याचं आठवतंय ना? २०१९ मध्ये पंचायतीने तिथे फोटो काढायला पैसे लावले, ओरड झाली, मागे घ्यावं लागलं. पद्धत चुकली असेल, पण गावाचा जीव कासावीस झाला होता हे खोटं नाही. फोटोसाठी दहा मिनिटं थांबणाऱ्याला गाव दिसतच नाही. त्याला मागे माडांची रांग हवी असते, बस्स.

म्हणून माझा आग्रह आहे की नव्या नव्या 'छुप्या जागां'ची जाहिरात बंद व्हावी. राखणारी माणसं उभी राहण्याआधी गर्दी पोचली की ती जागा गेलीच.

---

अनघा_वर्गातून

यात एक भर. जो माणूस त्याच गावात परत परत येतो, त्याचं त्या जागेशी नातं जुळतं. असे लोक जागेची जास्त काळजी घेतात, यावर बरंच संशोधन झालंय. मीनाक्षीताई परत दिवाडीला गेल्या तर त्या बादल्या शोधतील, कोणी सांगायची गरज पडणार नाही. एका फेरीत दहा ठिकाणं दाखवणाऱ्या सहली हे नातं जुळूच देत नाहीत. फेरीबोट, हे तुम्हाला उद्देशून नाही, पण तुमच्या धंद्यातल्यांनी विचार करावा असं वाटतं.

---

फेरीबोट (डिचोली)

अनघाताई, मलाच उद्देशून समजा, कारण बोलायचं तेच होतं.

मी सहलीचा क्रम बदललाय. आधी सगळ्यांना पहिल्या दिवशी कळंगुट-बागा हवं असतं, मीही तेच करायचो. आता पहिली सकाळ चोडण किंवा दिवाडीची ठेवतो. ओहोटीच्या वेळी होडीतून खाडीत नेतो. खारफुटीच्या वर आलेल्या मुळांत पिशव्या अडकलेल्या असतात, होडीवाला चालता चालता वल्ह्याने एखादी काढून होडीत टाकतो. तो काही बोलत नाही. पाचव्या मिनिटाला होडीतलं एखादं पोर हात घालून दुसरी काढतं. दुपारनंतर बाग्याला गेलं तरी त्या गटाचं वागणं वेगळं राहतं, 'दादा, हे बसमध्येच ठेवतो' असं म्हणत लोक बाटल्या परत आणतात. सगळे नाही, पण बरेच. आकडे माझ्याकडे नाहीत, रोजचं बघणं आहे.

बसमध्ये पाण्याचे वीस लिटरचे जार ठेवतो. खर्च वाढत नाही, कमीच होतो.

राहिली काचेची बाटली. तिला अजून माझ्याकडे तोड नाही.

---

म्हापसेकर

तिच्यासाठी मी सांगतो. निलगिरीत २०२२ पासून दारूच्या प्रत्येक बाटलीवर १० रुपये जास्त घेतात आणि रिकामी परत दिली की ते परत मिळतात. मद्रास उच्च न्यायालयाने डोंगरातल्या काचा बघून हे करायला लावलं. केदारनाथच्या वाटेवर प्लॅस्टिकच्या बाटल्यांना तशीच अनामत लावली. गोवा सरकारनेही २०२४ मध्ये अनामत-परतावा योजना अधिसूचित केली आहे. दहा रुपये मिळणार म्हटल्यावर पर्यटकाने नाही उचलली तरी दुसरा कोणीतरी बाटली उचलेलच. आणि वाळूत बाटलीच दिसली नाही, तर अनघाताई म्हणतात तो ६ टक्क्यांचा किनारा होईल. दंडाइतकंच मी याच्याही बाजूने आहे.

---

काणकोणकार

म्हापसेकरबाब, या मुद्द्यावर हात मिळवूया. शॅकवाले, बारवाले रिकामी बाटली परत घ्यायला तयार असले तरच ते चालेल. त्यांच्या अडचणीही ऐकायला हव्यात, ठेवायला जागा लागते, हिशेब ठेवावा लागतो. आमच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. पेडण्यातल्या कोणी तिकडे मांडला तर बरं होईल.

---

सागरिका_प

मांद्र्यात मी मांडते.

---

मीनाक्षी_कोल्हापूर

खूप शिकायला मिळालं. जानेवारीत आम्ही येतोय, यावेळी दिरांचं कुटुंबही आहे. गालजीबागची ती पाटी मुलांना दाखवायचीच. काणकोणकारदादा, जवळपास कुठे उतरावं? आणि कासवं बघायला मिळतील का?

---

काणकोणकार

मीनाक्षीताई, जरूर या. मादी वर येताना दिसेलच असं नाही, तो नशिबाचा भाग. घरटी मात्र जानेवारीत असतात. दिवसा या, झोपडीतल्या मुलाशी बोला, तो सगळं समजावतो. रात्री गेलात तर वनखात्याच्या माणसाबरोबरच, आणि मोबाईलचा दिवा अजिबात लावू नका. मादी बिचकून अंडी न घालताच परत फिरते.

हॉटेलचं नाव मी सांगत नाही, आगोंद-पाळोळ्याला पुष्कळ आहेत. फोन केलात की भाडं विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारा. समुद्राकडचे दिवे रात्री बंद करता का, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि पाण्याऐवजी हॉटेलकडे येतात. आणि खोलीत प्लॅस्टिकच्या बाटल्यांऐवजी पाणी भरून घ्यायची सोय आहे का. तुमच्यासारख्या दहा जणांनी हेच विचारलं तर अकराव्याला विचारावं लागणार नाही. दोन्हीला हो म्हणाले तरच खोली घ्या, आणि आलात की इथे लिहा फोनवर कोणी काय उत्तर दिलं ते.